सी नंबरची खुंटी

"सर, या मुलीला पास करू का नापास, ते तुम्हीच सांगा."

बाहेती सरांनी सुनंदाचा नकाशा खिडकीच्या उजेडात धरला होता. बाकीचे नऊ नकाशे टेबलावर एकावर एक पडलेले. मार्चची दुपार, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची भूगोलाची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि वर पंखा नुसताच घरघर करत होता. बाहेती सर म्हणजे एक्स्टर्नल. प्रॅक्टिकलला विद्यापीठ दुसऱ्या कॉलेजचा प्राध्यापक पाठवतं. तो मार्क देतो, त्याला एक्स्टर्नल म्हणायचं. मी इंटर्नल, म्हणजे घरचा. घरच्यानं वर्षभर पोरांना शिकवायचं आणि त्या दिवशी एक्स्टर्नलला चहा पाजायचा, एवढंच त्याचं काम.

"नापास? का म्हणून?" माझा आवाज चढलाच. आमच्या देवगाव रंगारीला साधा निरोपसुद्धा या बांधावरून त्या बांधावर ओरडून देतात. ती सवय शहरात येऊनही सुटली नव्हती.

"नऊ जणांचे नकाशे बंद झालेत. हिचा उघडा आहे. बघा तुम्हीच."

बघितला. खरंच उघडा होता. उघडा म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. शास्त्र फार अवघड नाही.

आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या पाच लाकडी खुंट्या होत्या, ए पासून ई पर्यंत. परीक्षेत पोरानं प्रिझमॅटिक कंपास घ्यायचा. पितळी डबीतलं होकायंत्र म्हणा. तिपाईवर ठेवून, फटीतून बघायचं. ए वर उभं राहून बी कडं बघायचं आणि बी उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते लिहायचं. मग बी वर जायचं. तिथून आधी मागं वळून ए कडं बघायचं, तोही आकडा लिहायचा, मग पुढं सी कडं. असा फेरा मारत परत ए वर यायचं. मधली अंतरं टेपनं मोजायची आणि वर्गात येऊन सगळं कागदावर काढायचं. काम चोख असेल तर शेवटची रेघ निघाल्या जागी येऊन मिळते. नकाशा बंद झाला. नाही मिळाली तर उघडा.

आता मागं वळून कशाला बघायचं? तर चोर पकडायला. मी तुमच्याकडं बरोबर पूर्वेला तोंड करून बघत असलो, तर तुम्ही माझ्याकडं बरोबर पश्चिमेला तोंड करून बघणार. दोघांच्या आकड्यांत एकशेऐंशी अंशांचा फरक पाहिजे. थोडं इकडंतिकडं चालतं, माणसाचा डोळा आहे. पण जास्त फरक आला तर समजायचं, दोन्हीपैकी एका जागी लोखंड आहे आणि त्यानं काट्याला स्वतःकडं ओढलंय. विजेचा खांब असेल, फाटक असेल. पुस्तकात याला लोकल अट्रॅक्शन म्हणतात. मी पोरांना सांगायचो, काट्याला कुणीतरी फूस लावलीय.

सुनंदाच्या कागदावर बी वरून सी बघितलं तर साठ अंश. सी वरून बी बघितलं तर दोनशे सत्तेचाळीस. पाहिजे होते दोनशे चाळीस. सात अंशांची फूस. सी वरून पुढं डी कडं बघतानाही तेवढाच घोळ. बाकी सगळीकडं काम असं चोख की पुस्तकात छापावं. पण सी मुळं शेवटची रेघ ए पासून चांगली बोटभर लांब राहिली होती. असा घोळ दुरुस्त करायचं गणित असतं, तेही तिनं सुरू केलेलं, पण वेळ संपल्यामुळं अर्धवट राहिलेलं. शेजारी टपोऱ्या अक्षरात एक ओळ: 'सी जवळ लोखंड आहे.'

"मी स्वतः सी जवळ उभा होतो," बाहेती सर म्हणाले. "मोकळा मुरूम आहे. ना खांब, ना फाटक. लोखंड कुठून आणलं हिनं? आणि बाकी नऊ जणांना सी वर बरोब्बर दोनशे चाळीस कसे मिळाले?"

तो दुसरा प्रश्न ऐकला आणि मी टेबलाकडं वळलो. मी नऊ कागद शेजारी शेजारी मांडले. सगळ्यांचे आकडे तेच. अर्ध्या अंशाचा सुद्धा फरक नाही. अहो, सख्ख्या जुळ्या भावांनी एकाच कंपासमधून बघितलं तरी एवढं जुळत नाही!

माझी नेमणूक दिवाळीनंतरची. ग्राउंडवर कायम क्रिकेट चालायचं म्हणून सराव मी शेजारच्या पडीक रानात घेतला होता. शहराच्या टोकाला, गारखेड्याच्या त्या अंगाला तेव्हा घरं कमी आणि रानं जास्त. पण परीक्षा कॉलेजच्या आवारातच व्हावी असं बाहेती सरांचं म्हणणं पडलं, म्हणून खुंट्यांवर घेतली. आणि या खुंट्यांचे आकडे कॉलेजात पिढीजात चालत आलेले. सीनियर ज्यूनियरला निरोप समारंभात पेढा देतात ना, तसे हे आकडे देत. कुण्या एका बॅचनं कधीकाळी गणित करून जुळवलेले, पुढच्यांनी नुसते पाठ केलेले. पोरं तिपाई घेऊन ऊन खात फिरायची, फटीतून बघितल्यासारखं करायची आणि पाठ केलेलं लिहून मोकळी. नकाशा दरसाल बंद. सगळे खूष.

हे मला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या कळलं. बाहेती सरांनाही कळलं असणार. पण ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. कारण हिशेब सरळ होता. सुनंदा चुकली असेल तर एकटी सुनंदा नापास. आणि सुनंदा खरी असेल तर नऊ जण खोटे.

सुनंदा कोण, तेही सांगायला पाहिजे. गंगापूर तालुक्यातली. घरी ऊस, कपाशी, खाऊनपिऊन सुखी. थोरला भाऊ एमआयडीसीत कामाला, गारखेड्यात भाड्यानं राहायचा. त्याच्याकडं राहून ही शिकत होती. तिला एम.ए. करायचं होतं, भूगोलातच, विद्यापीठात. वडील आडवे आले नव्हते. त्यांनी एकच अट घातली होती, एक वर्ष जरी वाया गेलं तरी बिस्तरा गुंडाळून गावाकडं. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागायचं. तिथं अडकली की वर्ष गेलं. बोलायला कमी, पण प्रश्न असे विचारायची की माझ्यासारख्या बोलभांड माणसालाही क्षणभर थांबावं लागे. एकदा म्हणाली, "सर, उत्तर दिशा नेमकी कुठं संपते?" मी तिच्यावर ओरडलो आणि संध्याकाळभर तोच विचार करत बसलो.

तिला आत बोलावलं.

"हे लोखंड तू बघितलंस का?" बाहेती सरांनी विचारलं.

"नाय सर. दिसत नाय तिथं."

"मग लिहिलं कसं?"

"काटा ओढतोय सर. म्या तीन बारी जाऊन बघितलं. दुसरा कंपास पण लावून बघितला. तिथं हाय काहीतरी."

"आणि इतरांना नाही ओढलं ते?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं, मग खाली. "त्यांचं त्यांना माहीत, सर."

सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला त्या पोरीचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ते पाठ केलेले आकडे तिलाही मिळालेच होते की! वर्गात दहाच पोरं, लपणार काय? दोनशे चाळीस लिहायचं आणि सावलीत बसायचं, एवढं सोपं होतं. आणि ही बया भर उन्हात तीन-तीनदा सी वर जाऊन आली, आणि तेवढ्यातच तिचा वेळ गेला.

बाहेती सरांनी कागद गोळा केले. "प्राचार्यांच्या कानावर घालू," म्हणाले. आम्ही केबिनकडं निघालो. व्हरांड्यात नऊ जण भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एक, वर्गाचा सी.आर., म्हणजे प्रतिनिधी, सुनंदाला हळू आवाजात म्हणाला, पण मला ऐकू आलं, "सुनंदे, तूच लई शहाणी का? सगळ्यांना घेऊन बुडतीस आता." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो भिंतीत शिरायचाच बाकी राहिला.

आमचे प्राचार्य इतिहासाचे. निजामाच्या अमलात उर्दू शाळेत पाटी गिरवलेली, पोलीस ॲक्शननंतर मराठीत आलेले. भाषणाला उभे राहिले की ऐकत राहावं असा माणूस. दर गॅदरिंगला त्यांचं एक भाषण ठरलेलं, 'वैज्ञानिक दृष्टिकोन'. भूत, भगत, लिंबू-मिरची, सगळ्यांची सालटी काढायचे. पोरांना ते भाषण पाठ होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला.

"सीधा मामला आहे," म्हणाले. "एका पोरीची नजर चुकली. होतं असं. नऊ जणांना खामखा कशाला अडकवता?"

"आणि नजर चुकली नसेल तर?" मी.

"सर, तुम्ही नवीन आहात. भूगोल स्पेशल आपल्याकडं किती मुश्किलीनं चालू झालंय ठाऊक आहे ना? दहातले नऊ नापास झाले तर विषयच बंद होईल. मग तुम्ही काय शिकवणार, आणि ती पोरगी तरी कुठं शिकणार?"

"विषय बंद होतो म्हणून खरं लिहिणारीला नापास करायचं? वा! उद्या गॅदरिंगला हेच सांगा की मग भाषणात!"

बोलून गेलो. प्रोबेशनवरच्या माणसानं प्राचार्यांना असं बोलायचं नसतं. बाहेती सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. प्राचार्य मात्र भडकले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करू. त्या मुलीला एक तास देऊ. नकाशा पुन्हा काढू दे. जुळला तर जुळला, प्रश्न मिटला. बोलवा तिला."

सुनंदा आली. दारातच उभी राहिली.

"बेटा, नकाशा पुन्हा काढशील का? वेळ देतो तुला," प्राचार्य म्हणाले. "जरा इतरांचं बघ, कुठं चुकलं ते लक्षात येईल."

"काढते सर," सुनंदा म्हणाली. "पण परत तेच येईल."

आवाज हलका, पण त्यात कुठं वाकायची जागा नव्हती. प्राचार्य तिच्याकडं बघतच राहिले.

"कुठल्या खुंटीवर अडतंय तुझं?"

"सी नंबरच्या, सर. मागच्या अंगाला, लिंबाच्या झाडाकडली."

प्राचार्यांची बशी ओठांपाशी तशीच थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली, चहा न पिता. मला वाटलं, पोरीच्या उत्तराचा राग आला. खरं कारण वेगळंच होतं, पण ते कळायला अजून वेळ होता.

"चला," बाहेती सर उठले. "मीच बघतो."

"अहो, या उन्हात कशाला? इथंच बसून..." प्राचार्य घाईघाईनं म्हणाले. पण बाहेती सर दाराबाहेर गेलेही होते.

ग्राउंडवर सगळी वरात. पुढं बाहेती सर, मागं मी तिपाई खांद्यावर घेऊन, मग सुनंदा, मग छत्री उघडून प्राचार्य, आणि लांबून ते नऊ. सी वर तिपाई लावली. बाहेती सरांनी फटीतून बी कडं बघितलं, आकडा वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"दोनशे सत्तेचाळीस," म्हणाले.

माझ्या तोंडून "हात्तिच्या!" निघालं, आणि ते आनंदानंच निघालं.

पण माणूस कडक. म्हणाले, "थांबा. आपल्यापैकीच कुणाजवळ लोखंड असेल. सगळ्यांनी काढून लांब ठेवा." मग काय, किल्ल्या निघाल्या, घड्याळं निघाली. माझ्या खिशातून अडकित्ता निघाला. सुनंदानं केसांतल्या पिना काढून रुमालात बांधल्या. बाहेती सरांनी स्वतःच्या पट्ट्याचं बक्कल बघितलं, क्षणभर विचार केला आणि सरळ पट्टाच काढला. एका हातानं पँट धरून आणि एका हातानं कंपास सांभाळत त्यांनी तिसऱ्यांदा बघितलं. प्राचार्यांनी छत्रीसुद्धा दूर नेऊन ठेवली, आणि स्वतःही तिकडंच थांबले.

दोनशे सत्तेचाळीसच.

बाहेती सरांनी पट्टा बांधला. सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुली, तुझं बरोबर आहे." तिचा चेहरा जो फुलला, तो मला आजही दिसतो. मी म्हटलं, मिटलं. पण मिटलं कुठलं? बाहेती सर माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज बदललेला होता.

"याचा अर्थ बाकी नऊ जणांनी न बघता लिहिलंय. हा सामूहिक गैरप्रकार झाला. मला विद्यापीठाला कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हणालो. "नऊ जणांचं कळवा."

"तसं होत नाही सर. गैरप्रकार कळवला की चौकशी होईपर्यंत बॅचचा निकाल राखून ठेवतात. अख्ख्या बॅचचा. हिचाही. चौकशी कधी संपेल, कोण सांगणार? तोवर एम.ए.चे प्रवेश होऊन जातात."

म्हणजे बघा! चूक केली असती तरी वर्ष गेलं असतं, आणि बरोबर केलं तरी वर्ष चाललं. सुनंदाचा चेहरा उतरला. ती रुमालाची गाठ सोडून एकेक पिन केसांत परत खोवू लागली. मला असा संताप आला की कुणाला धरून हाणावं तेच कळेना. नऊ जणांना? सीनियरांना? विद्यापीठाला? मी त्या खुंटीलाच एक लाथ घातली. सिमेंटमध्ये पक्की होती, अंगठा सुजला, दुसरं काही झालं नाही.

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

"एकच. प्रश्नातच दोष असेल, म्हणजे कॉलेजनं दिलेली जागाच सदोष असेल, तर परीक्षा पुन्हा घ्यायचा मला अधिकार आहे. उद्याचा दिवसही माझ्याकडं आहे. पण मला कारण लिहावं लागेल. काटा वळतो एवढं पुरत नाही. कशामुळं वळतो ते पाहिजे. इथं तर नुसता मुरूम आहे."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिथं नारळ उभा राहिला होता."

आम्ही वळून बघितलं. प्राचार्य छत्री मिटून, काठीसारखी धरून उभे होते.

"काय?" बाहेती सर.

"नारळ. पाणाड्याच्या हातावर." प्राचार्यांनी घसा साफ केला. "बाहेती सर, त्या खुंटीखाली माझी बोअर आहे."

आणि मग भर उन्हात, विद्यार्थ्यांच्या देखत, त्या माणसानं सगळं सांगितलं. मागं एका दुष्काळी साली कॉलेजात प्यायला पाणी नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष म्हणत होते, या जमिनीत पाणी नाही, बोअर घ्यायची नाही. यांनी ऐकलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत कुणी नसताना पाणाड्या बोलावला. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो तो. जिथं नारळ आपोआप उभा राहतो, तिथं पाणी. लिंबाच्या झाडाजवळ नारळ ताडकन उभा राहिला. यांनी हळद-कुंकू वाहिलं, मशीन लावली. खाली नुसता फुफाटा. बोअरची माती ढासळू नये म्हणून वरच्या अंगाला लोखंडी पाइप घालतात, केसिंग म्हणतात त्याला, तो अडकला, निघेना. यांनी वर मुरूम टाकून जागा सपाट केली आणि विषय संपवला. त्यानंतर कधीतरी भूगोलवाल्यांनी नेमकी तिथंच खुंटी रोवली. यांनी बघितलं, पण सांगायचं कोणत्या तोंडानं?

"अध्यक्षांचं सोडा," प्राचार्य म्हणाले. "मी या पोरांपुढं दरसाल वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलतो, साहेब. माझ्या इज्जतीचा सवाल होता." मग ते सुनंदाकडं वळले. "पण ही मुलगी माझ्या केबिनीत उभी राहून म्हणाली, परत तेच येईल. तेव्हापासून मला चैन नाही. लिहा तुम्ही. जागा सदोष, दोष कॉलेजचा. माझी सही घ्या."

बाहेती सर गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांच्या मिशा हलू लागल्या. मग खांदे. दिवसभरात तो माणूस पहिल्यांदा हसला, आणि असा हसला की लांबची पोरंसुद्धा नकळत हसू लागली. प्राचार्य आधी अवघडले आणि मग स्वतःही हसले. मी हसलो नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. तासाभरापूर्वी मी त्यांना टाकून बोललो होतो. ते शब्द मी परत घेतले नाहीत, कारण ते तेव्हा बरोबरच होते. पण आता हा माणूस त्या शब्दांपेक्षा मोठा झाला होता.

शिपायानं पहार आणली. खुंटीपासून हातभर अंतरावर मुरूम उकरला. थोडंसंच खाली गेलं आणि 'ठण्ण' असा आवाज आला. गंजलेल्या पाइपची कड उघडी पडली. सुनंदा गुडघ्यावर बसली आणि त्या लोखंडावर तिनं हळूच हात ठेवला.

"हाय की," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

बाहेती सरांनी तिथल्या तिथं निकाल दिला. सुनंदाचा पेपर तसाच राहील, तो तपासून मार्क मिळतील. "हिनं प्रश्न सोडवला आणि प्रश्नातली चूकही शोधली," म्हणाले. बाकी नऊ जणांची परीक्षा उद्या सकाळी, नव्या खुंट्यांवर. "आणि मी प्रत्येकाच्या मागं उभा राहणार आहे. मागं वळून बघितल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ देणार नाही."

नऊ जणांची तोंडं बघण्यासारखी झाली. मागं वळून कसं बघायचं, हे त्यातल्या निम्म्यांना येतच नव्हतं. माझ्याकडं यायची कुणाची छाती झाली नाही. पण संध्याकाळी घरी निघालो तर पडीक रानात दहा डोकी दिसली. सुनंदा तिपाई लावून एकेकाला कंपासपाशी उभं करत होती. सी.आर. फटीतून बघत होता आणि ती म्हणत होती, "फटीवरचा डोळा मिटू नको रे, दुसरा मिट. हा, आता वाच. पाठ केल्यावानी नको, दिसतंय ते वाच." मी लांबूनच सायकल वळवली. तिथं माझी गरज नव्हती. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ पास झाले. मार्क जेमतेम, काहींचे नकाशे बोटभर उघडे, पण त्यांचे स्वतःचे होते. सुनंदाला बाहेती सरांनी किती दिले ते मी सांगत नाही. निकाल लागला तेव्हा एवढंच कळलं की प्रॅक्टिकलला तिच्या वर कुणी नाही. ती एम.ए. झाली, पुढं गंगापूरकडंच एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागली. बी.ए.च्या निकालानंतर तिचे वडील उसाची मोळी घेऊन कॉलेजात आले. माझ्या टेबलाला मोळी टेकवून म्हणाले, "सर, पोरीनं तुमचं नाव काढलं म्हणं." मी म्हटलं, "माझं कसलं? तिनं तिचंच काढलं." आणि मग न राहवून जरा वरच्या आवाजात म्हणालो, "पण शिकवलं मीच!" माणसानं नम्र असावं, पण कितीदा?

प्राचार्यांनी गॅदरिंगचं भाषण सोडलं नाही. उलट त्यात नारळाची भर पडली. स्वतःची फजिती ते इतकी रंगवून सांगायचे की अध्यक्षसुद्धा पुढच्या रांगेत बसून हसायचे. मला मात्र एकदा म्हणाले, "सर, तो पाइप उपटून टाकू, खुंटी दुसरीकडं घ्या. खामखा घोटाळा."

मी म्हटलं, "हात लावू नका त्याला."

पाइपवर पुन्हा मुरूम टाकला. सी नंबरची खुंटी मी निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. विद्यापीठाची परीक्षा नव्या खुंट्यांवर व्हायची, पण पहिला सराव दरसाल जुन्या पाचांवर. नव्या बॅचला मी आधी काहीच सांगत नसे. जुने आकडे कॉलेजात फिरतच होते, ते कुणाला बंद करता आलेत? नारळाची गोष्ट सगळ्यांनी भाषणात ऐकलेली असायची, पण ती कुठल्या खुंटीची, हे प्राचार्य सांगत नसत. तसं आमचं ठरलंच होतं. ज्यांचे नकाशे पहिल्याच दिवशी छान बंद होऊन यायचे, त्यांना मी उन्हात परत पाठवायचो. आणि एखादं पोरगं कपाळाला आठ्या घालून, घाबरत घाबरत यायचं, "सर, सी वर काहीतरी गडबड हाय बघा, माझं जुळंना." त्याला मी शेजारी बसवायचो आणि एक्स्टर्नलला पाजतात तसला, आलं घातलेला चहा मागवायचो.

फार जणांना पाजावा लागला नाही. पण एकही साल असं गेलं नाही, की चहा मागवलाच नाही.